कोकमाची मागणी शिमग्यातच नोंदवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंधुदुर्गातील कोकम, काजू, कुळीथ पिठी, खाजे आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी यांना बाजारपेठ मिळावी म्हणून दरवर्षी महोत्सव भरतात, तीन-चार दिवसांचे स्टॉल लागतात. त्यामागची कळकळ आम्हाला मान्य आहे आणि स्टॉलवर चार पैसे सुटतातही. पण उत्पादकाला पैशाची खरी नड ज्या सहा आठवड्यांत असते, त्या काळात ना महोत्सव असतो ना गिऱ्हाईक. ते आठवडे एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचे. आमची सूचना साधी आहे. हॉटेलवाल्यांनी, घरगुती निवास चालवणाऱ्यांनी, मुंबई-पुण्याच्या कोकणी मंडळांनी आणि शासकीय उपाहारगृहांनी वर्षाची मागणी शिमगा ते गुढीपाडव्याच्या दरम्यान नोंदवावी आणि निम्मा विसार तेव्हाच द्यावा. स्टॉल त्यानंतरही लागोत.

हे का म्हणतो ते कोकमाच्या हिशेबातून कळेल. रतांबे (कोकमाची फळे) एप्रिलमध्ये पिकू लागतात, मे महिन्यात भर असतो आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कोकणात पाऊस येतो. उशिरा पिकणाऱ्या झाडांचे फळ पावसात सापडते, ते वाळवता येत नाही आणि बरेचसे झाडाखालीच कुजते. त्यामुळे वर्षभर विकायचा सगळा माल या अवघ्या काही आठवड्यांत तयार करून ठेवावा लागतो. समजा, दहा बायकांच्या गटाला ७०० मिलिलीटरच्या ५०० बाटल्या अमृत कोकम, म्हणजे कोकमाच्या सालीचा साखरेतला पाक, करायचे आहे. त्याला साधारण १८० किलो साल आणि ३६० किलो साखर लागते. फळात सालीचे वजन निम्म्याच्या आसपास, म्हणजे फळ ३५० किलो. साखर ४५ रुपये आणि फळ २५ रुपये किलो धरले (फळाचा दर दर हंगामाला, कधी दर आठवड्याला बदलतो), बाटली-झाकण-लेबलाला २० रुपये धरले आणि मजुरीचे १० हजार धरले, तर ४५ हजार रुपये मेअखेरपर्यंत खर्च झालेले असतात. बाटली ९० रुपयांना पडली.

आता विक्री. छापील किंमत १८० रुपये. दुकानदार ३० टक्के कापून घेतो, म्हणजे हाती १२६ येतात. वाहतूक आणि फुटतूट मिळून १० रुपये गेले. खर्चाचे ९० वजा जाता उरले २६. पण दुकानदाराची बोली असते, 'माल ठेवून जा, खपेल तसे पैसे देतो'. पर्यटक दिवाळीनंतर येतात, पैसे डिसेंबर-जानेवारीत सुटे सुटे मिळतात. गटाने ४५ हजार बचत गटातूनच महिना दोन टक्क्यांनी उचललेले असतील, तर सात महिन्यांत बाटलीमागे साडेबारा रुपये व्याजाचे होतात. २६ चे साडेतेरा झाले. त्यातून पाच टक्के बाटल्या परत आल्या की पुढच्या वर्षी ३०० च बाटल्या करू असे गट ठरवतो, आणि रतांबे पुन्हा झाडाखाली कुजतात. 'उत्पादकांत सातत्य नाही' ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच व्याज असते. मार्चमध्ये निम्मा विसार मिळाला तर बाहेरून उचल घ्यावीच लागत नाही, आणि गट दरात दहा-पंधरा रुपये सूटही आनंदाने देईल. खरेदीदार आणि उत्पादक दोघांचा त्यात फायदा आहे.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्र शासनाच्या योजनेत बचत गटाच्या सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद ठेवलेली आहे, आणि ती खेळते भांडवल व लहान अवजारांसाठीच आहे. यंत्रांसाठी प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आहे. कागदावर हे चांगलेच आहे. पण मंजुरी जुलैत हाती आली तर कोकमवाल्या गटाला तिचा त्या वर्षी काही उपयोग नाही. जिल्हा पातळीवर या प्रकरणांची छाननी फेब्रुवारीअखेर संपावी, एवढी एक तारीख प्रशासनाने पाळली तरी पुष्कळ फरक पडेल.

मागणी नोंदवण्याची पहिली जबाबदारी आमच्या मते जिल्ह्यातल्याच हॉटेलवाल्यांवर येते. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ला, आंबोलीत राहायच्या खोल्या वाढल्या. तरीही अनेक ठिकाणी पाहुण्यापुढे येणारे 'कोकम सरबत' हे रंग आणि सायट्रिक आम्लाचे पाणी असते. खरे अमृत कोकम परवडत नाही ही समजूत चुकीची आहे. एका पेल्याला ३५ मिलिलीटर पाक आणि १६५ मिलिलीटर पाणी पुरते. ७०० मिलिलीटरच्या बाटलीत २० पेले होतात, म्हणजे छापील किमतीनेही पेल्याला ९ रुपये. हॉटेलने बाटल्यांऐवजी खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचा ५ लिटरचा कॅन घेतला तर बाटली, झाकण आणि लेबलाचा बराच खर्च वाचतो आणि एका कॅनमध्ये १४० पेले निघतात. मे महिन्यात रोज ४० पेले खपणाऱ्या खानावळीला आठवड्याला दोन कॅन लागतील. एवढा अंदाज कुठल्याही मालकाला मार्चमध्ये बांधता येतो.

खरे-खोटे ओळखायची एक सोपी रीत आहे. अर्धा पेला पाण्यात चमचाभर पाक घालावा आणि त्यात खाण्याचा सोडा थोडा थोडा, फसफस थांबेपर्यंत टाकावा. कोकमाचा नैसर्गिक लाल रंग आंबटपणा गेला की बदलतो, आधी जांभळट आणि मग काळपट निळा-हिरवा होतो. कृत्रिम लाल रंग बहुधा लालच राहतो. दोन्ही मिसळलेले असतील तर निकाल धूसर येतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

आता उत्पादकांशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पहिली मागणी जिव्हाळ्यापोटी मिळते, दुसरी मालामुळे. परत येणाऱ्या बाटल्यांची कारणे दरवर्षी तीच असतात. झाकण फुगणे, पाक फसफसणे, रंग तपकिरी पडणे, बाटली चिकट होणे.

फसफसण्याचे कारण बहुधा साखरेची काटकसर. एक किलो सालीला दोन किलो साखर हे प्रमाण उगाच ठरलेले नाही. साल आपले पाणी सोडते, त्या पाण्यात साखर विरघळते आणि पाकातील विद्राव्य घटक ६५ टक्क्यांच्या आसपास राहिले तरच त्यात किण्वाची (यीस्टची) वाढ होत नाही. साखर महाग झाली म्हणून दोनऐवजी दीड किलो घातली, की पाक चवीला छान लागतो, ताजा असताना दिसतोही छान, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात झाकण उडवतो. साखर मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, त्याच्या काचेवर एक थेंब पुरतो. प्रत्येक पिंपाचे मोजमाप बाटल्या भरण्याआधी घ्यावे, वहीत तारखेसह लिहावे आणि ६५ च्या खाली असेल तर साखर वाढवून पुन्हा ढवळावे. दुसरे कारण ओली बाटली. धुतलेली बाटली पूर्ण निथळून कोरडी झाली नाही तर आत राहिलेले पाणी पाकाच्या वर पातळ थर धरते, आणि आंबणे नेमके तिथेच सुरू होते. पाक घट्ट असूनही वरून बुरशी येते ती यामुळे.

सालीचे आणि साखरेचे थर लावल्यावर आठवडाभर रोज ढवळणे आवश्यक आहे. वरची साल कोरडी राहिली तर तिच्यावर बुरशी येते आणि तो वास सगळ्या पिंपाला लागतो. भांडे स्टेनलेस स्टीलचे, काचेचे किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचे असावे. कोकमाचे आम्ल ॲल्युमिनियम आणि लोखंड दोन्ही खाते. गंजकी पळी जरी वापरली तरी रंग काळवंडतो आणि चवीत धातू उतरतो. साल गाळून काढल्यावर मीठ आणि जिरेपूड घालायची ती कोरडी आणि भाजलेली. सोडियम बेंझोएट हे परिरक्षक (माल टिकवणारे रसायन) वापरत असाल तर मर्यादेत, वजन करून, आणि लेबलवर लिहून. न वापरता 'परिरक्षकविरहित' विकणार असाल तर साखर आणि स्वच्छता यांत तसूभरही सूट नाही.

रंग तपकिरी होण्यात निम्मा दोष दुकानदाराचा आहे. लाल रंग सुंदर दिसतो म्हणून बाटल्या दर्शनी काचेत उन्हात मांडल्या जातात. कोकमाचा रंग प्रकाश आणि उष्णता दोन्ही सोसत नाही, काही आठवड्यांत तो विटतो. एक रिकामी बाटली पाणी आणि रंग घालून मांडावी, विकायचा माल आतल्या फळीवर ठेवावा. लेबलवर 'सूर्यप्रकाशापासून दूर ठेवा' असे छापणे हे उत्पादकाचे काम.

आमसुलांचे दुखणे वेगळे. फळ फोडून बी आणि गर बाजूला काढतात, गराच्या रसात मीठ घालून त्यात साल बुडवतात आणि उन्हात वाळवतात. हे बुडवणे-वाळवणे पाच-सहा वेळा झाले की साल काळसर जांभळी, मऊ आणि रसरशीत आंबट होते. घाईत दोन-तीन पुटांवर थांबवलेली आमसुले दिसायला सारखीच, पण आमटीत दुप्पट घालावी लागतात. वजन भरावे म्हणून मीठ जादा घालणारेही आहेत. अशा मालावर पांढरी पुटे दिसतात आणि पावसाळ्यात मीठ हवेतले पाणी ओढून घेते, पिशवीत खारट पाणी साचते. गिऱ्हाईकाला वाटते माल नासला. खरे तर तो मिठाने पाझरलेला असतो. वाळवणीसाठी घरावरच्या पत्र्यापेक्षा उंच मांडव, खाली स्वच्छ जाळी किंवा सोलर ड्रायर बरा. ट्रे ड्रायर असेल तर तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नये. वर गेले की साल बाहेरून कडक होते, आत ओल राहते आणि महिन्याभरात बुरशी आतून फुटते.

आगळाबद्दल, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाबद्दल, एवढेच, की रसाच्या किलोमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास मीठ पडले पाहिजे. मीठ कमी केलेले आगळ फ्रीजमध्ये टिकेल, दुकानाच्या फळीवर टिकणार नाही. ज्यांना कमी खारट आगळ विकायचे आहे त्यांनी ते 'थंड जागी ठेवा' म्हणूनच आणि कमी मुदतीचे विकावे.

झाडांचाही एक मुद्दा यातच येतो. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बीपासून लावलेल्या रोपांत निम्म्याच्या आसपास नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात १९९७ ची आणि 'कोकण हातीस' २००६ ची. दोन्हींची मृदकाष्ठ कलमे मिळतात. कोकण अमृताचा मोठा गुण असा की तिचे फळ पावसाआधी हाती लागते. ज्या ग्रामपंचायती वृक्षलागवडीत दरवर्षी रोपे वाटतात, त्यांनी कोकमाची रोपे न वाटता कलमेच वाटावीत.

आता पैशाची बोली. 'खपेल तसे पैसे' ही पद्धत बंद व्हावी अशी आमची स्पष्ट मागणी आहे. नव्या गिऱ्हाईकाशी पहिली डझनभर बाटल्यांची ओळख तशी करून द्यायला हरकत नाही, पण पुढचा माल रोखीने किंवा ठरलेल्या मुदतीनेच जावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यात लहान उत्पादकाला संरक्षण आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. पण त्यासाठी उत्पादकाची 'उद्यम' ही लहान उद्योगांची शासकीय नोंदणी हवी. ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते, बचत गटालाही करता येते, तिच्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. दुसरी अट कागदाची. माल पोचवल्याच्या चलनावर तारीख, बाटल्यांची संख्या, दर आणि दुकानदाराची सही हवी. 'खपला तर देऊ' म्हणून ठेवलेला माल कागदोपत्री विकलेला ठरत नाही, मग दिवस कुठून मोजायचे यावरच वाद होतो. कित्येक गटांचे पैसे असेच बुडालेले आहेत.

लेबलकडेही अजून दुर्लक्ष होते. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन किंवा माप, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत, सर्व करांसह कमाल किंमत, पूर्ण पत्ता आणि शाकाहाराची हिरवी खूण, एवढे नसेल तर शहरातले कोणतेही मोठे दुकान माल घेणार नाही. बॅच क्रमांक केवळ कायद्यासाठी नसतो. तक्रार आली तर नेमके कोणते पिंप बिघडले ते त्यावरूनच कळते, आणि ५०० ऐवजी ४० बाटल्या परत मागवून भागते.

कोकम आणि वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे माल त्या भागातलाच असल्याची कायदेशीर ओळख) आहे. पण मानांकन मिळाले म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येकाला ते चिन्ह छापता येते असे नाही. प्रत्येक उत्पादकाला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हा अर्ज फार थोडे जण करतात. काजूत त्याची निकड जास्त आहे, कारण देशात आफ्रिकेतून कच्ची काजू बी मोठ्या प्रमाणात येते आणि सोललेल्या गरावरून मूळ गाव सांगणे गिऱ्हाईकाला अशक्य असते. डब्यावरचा ३२० किंवा २४० हा आकडा फक्त आकार सांगतो, एका पौंडात (४५४ ग्रॅम) साधारण किती गर मावतात तेवढेच. 'स्थानिक बी' हे शब्द आणि खरेदीची नोंद ठेवणारा प्रक्रियादार वेगळा ओळखू आला पाहिजे.

काजूचा हंगामही भांडवलाचाच खेळ आहे. बी फेब्रुवारी ते मेमध्ये घ्यायची, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवायची, हातात हलवून आतला गर खुळखुळला की पोती भरायची. ओलसर बी पोत्यात गेली तर पावसाळ्यात गरावर काळे डाग पडतात आणि तुकडा वाढतो, तुकड्याचा भाव कमी. बी फोडण्याच्या कामात बायकांच्या हाताला टरफलातले तेल भाजते. राख आणि तेल लावून भागवण्याऐवजी हातमोजे आणि फोडण्याआधी नीट वाफवलेली बी द्यायला हवी. मालकांनी हा खर्च दरात धरावा आणि गिऱ्हाईकाने तो दर मान्य करावा.

सावंतवाडीच्या खेळण्यांचा प्रश्न कोकमापेक्षा निराळा आहे. इथे माल नासत नाही, पण खरेदीदार कायद्याच्या भीतीने मागे सरतो. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्राचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे, त्यानुसार खेळण्यांवर आयएसआय चिन्ह हवे. मुंबई-पुण्याची दुकाने सरसकट ते मागतात आणि चितारआळीतल्या कारागिराला प्रयोगशाळेचा खर्च झेपत नाही. प्रत्यक्षात हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या मालाला या आदेशातून सूट आहे, आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाला व अधिकृत वापरकर्त्यालाही सूट आहे. म्हणजे कारागिराचे ओळखपत्र आणि अधिकृत वापरकर्त्याचे प्रमाणपत्र, दोन्हींच्या प्रती बिलाला जोडल्या की दुकानदाराची शंका मिटते. ही साधी माहिती दोन्ही बाजूंना पोहोचलेली नाही. पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत पारंपरिक खेळणी करणारे येतात. त्यात अवजारांसाठी १५ हजार आणि विनातारण कर्ज पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने मिळते.

सूट आहे म्हणून सुरक्षेकडे काणाडोळा नको. लहान मुले खेळणी तोंडात घालतात. कातावर (लाकूड कातायच्या यंत्रावर) फिरणाऱ्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते, केवड्याच्या पानाने तिला तकाकी येते. हे काम मुलांच्या दृष्टीने निर्धोक आहे, मात्र लाखेत मिसळलेला रंगही तसाच हवा. ब्रशने रंगवलेल्या फळभाज्या आणि चित्रांना मात्र रंग कोणता वापरला ते विचारावे. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे असा २०१६ चा नियम आहे. कारागिराने डब्यावर तसे लिहिलेला रंगच घ्यावा आणि रिकामा डबा ठेवून द्यावा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांत सुटे होणारे मणी, चाकाची खिळी, निघणारी बोंडे नसावीत.

तडा जाणे ही दुसरी तक्रार. पावसाळ्यात घडवलेले खेळणे कोरड्या हवेच्या शहरात किंवा वातानुकूलित खोलीत गेले की आकसते. ओंडका काही महिने सावलीत, टोकांना मेण किंवा रंग लावून वाळवलेला असेल तर हे टळते, कारण लाकडाचे पाणी टोकांतून लवकर जाते आणि चीर तिथूनच सुरू होते. पण लाकूड आगाऊ घेऊन ठेवायला पुन्हा पैसे लागतात. परंपरेने वापरला जाणारा पांगारा आता सहज मिळत नाही, आंबा आणि इतर लाकडांवर काम चालते. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तर जगते, मिरीचा वेल चढवायला ती उपयोगी पडते. बागायतदारांनी कुंपणाला आणि मिरीला पांगारा लावला, तर काही वर्षांत कारागिरांना जवळपासचे लाकूड मिळेल.

गंजिफाबद्दल, म्हणजे सावंतवाडीच्या चित्रांकित खेळाच्या पानांबद्दल, एक विनंती. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पाने असतात. हाताने रंगवलेला संच महोत्सवाच्या टेबलावर स्वस्तात मिळणे शक्यच नाही. छापील संचही विकावेत, त्यानेही कला घरोघर जाते. पण 'हाताने रंगवलेला' आणि 'छापील' हे डब्यावर मोठ्या अक्षरात लिहावे. हाताने रंगवलेल्या संचाची मागणी निम्मी रक्कम देऊन काही महिने आधी नोंदवावी. कार्यालयांनी निरोप समारंभाला आणि पाहुण्यांना धातूची स्मृतिचिन्हे देण्याऐवजी एक-दोन अवतारांची चौकटीत बसवलेली पाने द्यावीत. असे काम वर्षभर मिळत राहिले तरच नवी मुले कुंचला धरतील.

शेवटी चाकरमान्यांचे. चतुर्थीला गावी येणारी आणि परतताना पिशव्या भरून नेणारी मंडळी हा जिल्ह्याच्या मालाचा जुना आणि भरवशाचा ग्राहक आहे. पण चतुर्थी भर पावसात येते आणि हवेतला दमटपणा तेव्हा खूप असतो. पिठी, शेवया, आमसुले पातळ पॉलिथिनमध्ये भरून दिली तर मुंबईला पोहोचेपर्यंत ओल धरतात. कुळीथ नीट भाजलेले असावे, कच्चे राहिले तर पिठीला उग्र वास येतो आणि कीड लवकर लागते. दळल्यावर पिठी पूर्ण गार होऊ द्यावी, कोमट भरली तर वाफेचे थेंब पिशवीतच जमतात. जाड, अनेक पदरी पाऊच आणि उष्णतेने नीट चिकटवलेले तोंड याला पाच-सहा रुपये जास्त पडतात. ते द्यायला चाकरमानी तयार असतो, कोणी विचारत नाही एवढेच. खाजे मात्र पावसाळ्यात मागवू नयेत, गुळाचा पाक दमट हवेत सुटतो. ते आंगणेवाडी-कुणकेश्वरच्या जत्रेच्या दिवसांतच घ्यावेत.

मुंबई, ठाणे, पुण्यातील गावमंडळांनी हेच पुढे न्यावे. शिमग्याला गावी आल्यावर मंडळाच्या एका माणसाने प्रत्येक घराची वर्षाची गरज एका कागदावर उतरवावी, आमसुले किती, अमृत कोकम किती बाटल्या, पिठी, मसाला, काजू. निम्मे पैसे गोळा करून गावच्या गटाच्या बँक खात्यात जमा करावेत, व्यक्तीच्या खात्यात नको. जूनमध्ये माल तयार झाल्याचा निरोप येईल, उरलेले पैसे तेव्हा. माल रेल्वेने किंवा एसटीने एकत्र गेला तर किलोमागचा खर्च सुट्या कुरिअरच्या तुलनेत कितीतरी कमी येतो. काचेच्या बाटल्या उभ्या, प्रत्येकीभोवती पुठ्ठ्याचा कप्पा, एका खोक्यात १२ पेक्षा जास्त नको, कारण त्याहून जड खोके हमाल उचलून ठेवत नाही, टाकतो. खोके उघडताना एखाद्या बाटलीचे झाकण फुगलेले दिसले तर ती न उघडता बॅच क्रमांकासह फोटो गटाला पाठवावा, त्या बॅचच्या सगळ्या बाटल्या बाजूला ठेवाव्यात, आणि गटाने त्या आठवड्याभरात बदलून द्याव्यात, ही अट मागणीच्या कागदावरच लिहून घ्यावी.

आपले,
सिंधुदुर्गातील कोकम, काजू आणि लाकडी खेळण्यांच्या उत्पादकांसोबत काम करणारे कार्यकर्ते,
कुडाळ व सावंतवाडी